आकाशाकडे कान लावून बसलेल्या पद्मावहिनी

कुंभात माणूस हरवला म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. मग आपलं तोंड बघतो, हसू गिळतो आणि "अरे, सच में?" असं विचारतो. सिनेमावाल्यांनी आमच्या घरच्या दुःखाची पार थट्टा करून ठेवली आहे. पण आमचा माणूस खरंच हरवला. पद्मावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचे यजमान रत्नाकर, म्हणजे आमचे मोठे भाऊजी, दोन हजार तेराच्या कुंभाला प्रयागला गेले आणि आलेच नाहीत. मोठ्या पर्वणीचा दिवस नव्हता, चेंगराचेंगरी नव्हती, काही नव्हतं. सकाळी चहा घेतला, पंचा आणि धोतर पिशवीत कोंबलं, "संध्याकाळच्या गाडीनं येतो, खिचडी टाकून ठेव" म्हणाले आणि गलीच्या वळणावरून दिसेनासे झाले. जन्मभर रेल्वेत काम केलेला माणूस, गाडी चुकवणाऱ्यातला नव्हे.

शोधायचं तेवढं शोधलं. भोंग्यावरून नाव पुकारून झालं, इस्पितळं झाली, ठाण्यात फोटो देऊन झाले, नदीकाठची गावं झाली. माझे यजमान ढुंढिराज हे भाऊजींचे धाकटे भाऊ. ते प्रयागला ठाण मांडून बसले होते. परत आले तेव्हा दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, आणि पायातल्या चपला दुसऱ्याच कोणाच्या तरी. कुठे बदलल्या ते त्यांनाही सांगता येईना. आले ते तडक अंघोळीला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता मी सांगणार आहे ते वहिनींबद्दल. आमच्या गलीत त्यांना अर्धवट ठरवायला लोक टपलेले असतात, आणि मला त्याचा फार संताप येतो. त्यांच्याबरोबर एका घरात मी राहते. त्यांचं जे काही आहे ते मला माहीत आहे.

काशीत बालाजी घाटावरून वर आलं की डाव्या हाताच्या गलीत आमचं घर. खाली आम्ही, वर वहिनी, त्यावर छत, म्हणजे गच्ची. हे, म्हणजे माझे यजमान, पौरोहित्य करतात. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, त्यांची श्राद्धं, पिंडदानं शेजारच्या पंचगंगा घाटावर हेच चालवतात. वहिनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. भाऊजी गेल्यापासून त्या बाईला मी एकदाही निवांत टेकून बसलेली पाहिली नाही. खुर्चीच्या कडेवर बसायच्या, जणू कोणी हाक मारली तर उठायला सोपं. जेवताना खाली कडी वाजली की घास हातात तसाच. दुधवाला असो नाहीतर वीजवाला, त्या जिन्यापर्यंत येऊन बघून जाणार. फोनचा नंबर बदलला नाही, घर सोडून कुठे मुक्कामाला गेल्या नाहीत. लेक स्वरदा पुण्याला नोकरीला लागली, किती बोलावते, पण नाही. आणि वरच्या दाराला कडी म्हणून लावायची नाही, भाऊजींना यायचं झालं तर दार उघडं हवं. त्या उघड्या दारातून भाऊजी काही आले नाहीत, माकडं मात्र रोज आली. केळी नेली, चष्मा नेला, एकदा वहिनींची शाळेत न्यायची पर्स नेली. मी ओरडले की म्हणायच्या, "बकुळ, माकडांना दार उघडं दिसतं, तर माणसाला दिसणार नाही का?"

मग एक दिवस वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मैम, एलियन होते हैं क्या?" एरवी वहिनींनी "पाठ पर ध्यान दो" म्हणून तिला खाली बसवलं असतं. त्या दिवशी म्हणाल्या, "पता नहीं." आणि घरी आल्या त्या पुस्तकं शोधतच. पुढे कित्येक दिवस मला तेच. मी मटार सोलतेय आणि ह्या समोर बसून सांगताहेत की साठ वर्षांहून जास्त झाली, जगातली शहाणी माणसं मोठमोठ्या तबकड्या उभारून आकाश ऐकताहेत. तिकडून कोणी बोलतंय का, एखादी खूण, एखादा ठोका. अजून एक शब्द आलेला नाही.

"मग सोडून का देत नाहीत?" मी म्हटलं. मला निमोना, इकडची वाटल्या मटारांची आमटी, करायचा होता आणि मटार संपत नव्हते.

"का सोडतील? आकाश केवढं, आणि ऐकून झालंय किती थोडं. आता समज, तू घाटावर एका नावाड्याला विचारलंस, आमचा माणूस पाहिलास का. तो नाही म्हणाला. म्हणजे सगळ्या गंगेवर कोणीच पाहिला नाही, असं ठरलं का?"

मी शेंग हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, त्या पुढे ताऱ्यांच्या संख्येवर गेल्या होत्या.

त्यानंतर दर शनिवारी दिवेलागणीला छतावर मुली जमायला लागल्या. वहिनी त्यांना ग्रह ओळखायला शिकवायच्या. मंगळावर पाण्याच्या खुणा आहेत, गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली समुद्र असावा, तिथे काही जिवंत असेल का, असलं बोलणं चालायचं. एखादी मुलगी हटकून विचारायची की मैम, आप मानती हैं? तेव्हा वहिनी म्हणायच्या, "असतील असं मला वाटतं. आहेत असं मला माहीत नाही. ही दोन वाक्यं वेगळी ठेवा." मुलींना किती कळायचं कोण जाणे, पण यायच्या. गलीत वहिनींचं नाव पडलं एलियनवाली मैडम.

मोबाइलवर व्हिडिओ टाकणारा एक गृहस्थ एकदा थेट घरी आला. त्याला वहिनींकडून वदवून घ्यायचं होतं की छतावरून उडती तबकडी पाहिली. पाणी प्यायला, कॅमेरा लावला, म्हणाला, "बस इतना बोल दीजिए कि कुछ देखा था." वहिनी म्हणाल्या, "कुछ नहीं देखा. देखा होता तो मानने की क्या ज़रूरत थी?" तो बिचारा मान खाली घालून तारा गुंडाळायला लागला. मी जिन्यात उभी राहून हसले. नंतर स्वयंपाक करताना ते वाक्य डोक्यातून जाईना आणि आमटी खाली लागली.

माझ्या यजमानांना ह्या प्रकाराचा भारी राग. राग वरून थट्टेचा, आतून वेगळा. जेवताना म्हणायचे, "वहिनी, तुमचे लोक राहतात कुठे, ते तरी कळू द्या. आमच्या पितरांचा पत्ता ठरलेला आहे. चंद्राच्या पलीकडे पितृलोक. मी इथून पाणी सोडतो, तिकडे पोचतं. आम्हाला परलोकातल्या लोकांचं काही नवल नाही, रोजचा व्यवहार आहे."

"पोचल्याची पावती येते का, भाऊजी?" वहिनी विचारायच्या. धाकटा दीर म्हणून त्या ह्यांना भाऊजी म्हणत.

"पावती कसली? श्रद्धा आहे."

"मग तुमची नि माझी जात एकच," असं म्हणून वहिनी ताक ओतून घ्यायच्या. त्यांनाच एकदा कुठूनसं कळलं होतं की फार वर्षांपूर्वी अवकाशात सोडलेल्या एका यानात पन्नासेक भाषांतले नमस्कार भरून पाठवले आहेत, आणि त्यात एक मराठी आहे. ते यान आता सूर्यमालेच्याही बाहेर गेलं. वहिनी पोट धरून हसल्या होत्या. "बघ ग बकुळ, मराठी तिकडे पोचली, आणि आमची स्वरदा फोन उचलून म्हणते, हाँ मम्मी, बोलो."

पण गेल्या वर्षीच्या कार्तिकातली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. कार्तिकात पंचगंगेवर आकाशदीप लावतात. उंच उंच बांबू रोवायचे, टोकरीत दिवा ठेवायचा आणि दोरीनं टोकरी वर चढवायची, पितरांना वाट दिसावी म्हणून. आमच्याही घरची एक टोकरी असते, सासऱ्यांच्या आणि त्यांच्या मागच्यांच्या नावानं. भाऊजींच्या नावानं नाही. वहिनी ते होऊ देत नसत, आणि ह्यांना ते टोचत असे. दोरी ओढताना दर वर्षी यांचा हात मध्येच थांबायचा, मला दिसायचं.

त्या संध्याकाळी दिवे नुकतेच चढले होते. घाटावर बायकांची गर्दी, यात्रेकरू, नावाड्यांची ओरड. एकाएकी कोणी तरी ओरडलं आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. घाटावरच्या मशिदीच्या बाजूनं, पार वर, दिव्यांची एक माळ निघाली होती. एकामागे एक, सारख्या अंतरावर, आवाज नाही, घाई नाही, सरळ गंगेवरून पूर्वेकडे. माझ्या शेजारची म्हातारी रडायलाच लागली. तिला वाटलं, पितरांनी दिवे घेतले आणि चालले. घाटावरच्या निम्म्या बायका हात जोडून उभ्या. दुसरीकडून पोरं किंचाळताहेत, "एलियन, एलियन." नावाडी वल्ही सोडून उभे. खाली टोकऱ्यांतले दिवे आणि वर तसलेच चालते दिवे, आता ही चूक आमच्या घाटावर नाही होणार तर कुठे होणार? माझेही हात जोडले गेले, खोटं कशाला बोलू.

मी वहिनींकडे बघितलं. त्या माळेकडे बघत होत्या आणि त्यांचं तोंड एखाद्या लहान मुलीसारखं उघडं होतं. डोळे असे की स्टेशनवर गाडीतून आपलं माणूस उतरताना दिसावं. फार तर दोन श्वास. मग त्यांनी तोंड मिटलं, पदर नीट केला आणि शेजारच्या म्हातारीला म्हणाल्या, "उपग्रह हैं, माताजी. आदमी ने ही छोड़े हैं. अपने ही हैं." म्हातारी काही त्यांचं ऐकत नव्हती.

घरी येताना गलीत मी त्यांना चिडून विचारलं. तुम्हाला सगळं माहीत असतं, उपग्रह कुठला, तारा कुठला. मग कशाला मान वर करून बसता? कशाला स्वतःला छळून घेता?

त्या चालत राहिल्या. एका गाईला वळसा घालून गेल्यावर म्हणाल्या, "बकुळ, लोक का मानतात माहीत आहे? एवढ्या मोठ्या घरात आपण एकटेच आहोत, हे माणसाला सोसत नाही. मलापण सोसत नाही. मग कान लावून बसते. निदान कोणी बोललं तर ऐकायला कोणी तरी जागं असेल." मला तेव्हा रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला.

यंदा बारा वर्षं पुरी झाली. प्रयागला पुन्हा कुंभ भरला. सगळी काशी माणसांनी फुटून वाहत होती. वहिनींनी त्या सगळ्या दिवसांत घराचा उंबरा ओलांडला नाही. जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत राहिल्या. गर्दी ओसरली, कोणी आलं नाही. बारा वर्षं बातमी नसली की त्या माणसाला गेलेला धरावा, असं शास्त्र सांगतं. पळसाच्या पानांच्या देठांची मनुष्याकृती करायची, तिला अग्नी द्यायचा, आणि मग पुढची क्रिया. त्याला पालाशविधी म्हणतात. माझे यजमान तो दुसऱ्यांसाठी कधी कधी करून आलेले होते. आता आपल्या घरची पाळी आली हे आम्हा तिघांना ठाऊक होतं आणि तिघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

शब्द काढला स्वरदानं. तिचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षातला मुहूर्त, मुलगा निनाद, पुण्याचाच. ऑगस्टमध्ये, गंगा चढून घाटाच्या सगळ्या पायऱ्या पाण्याखाली होत्या तेव्हा, तिचा मला फोन आला. आधी हिंदीत इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम मराठीत, अगदी हळू. "काकू, पत्रिका छापायला द्यायची आहे. बाबांच्या नावाआधी श्री. घालू की कै.? आईला विचारायची हिंमत होत नाही."

मी फोन ठेवला. यांना सांगितलं. यांनी पंचांग काढलं, पितृपक्षातल्या एकादशीवर बोट ठेवलं आणि जिना चढायला लागले. मीही मागोमाग.

वहिनी गव्हातले खडे काढत होत्या. यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. एकादशीला विधी. मंगलकार्य आहे, त्यामुळे पुढचं सगळं लगोलग उरकून घेऊ.

"नाही," वहिनी म्हणाल्या. सूप खाली ठेवलं नाही.

"बारा वर्षं झाली, वहिनी."

"साठ वर्षं ऐकताहेत, भाऊजी, अन् एक शब्द नाही. त्यांनी नाही अजून कोणाचं श्राद्ध घातलं."

"ते आकाशातलं झालं. हा माझा भाऊ आहे." यांचा आवाज फाटला. असा आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता. "नागपूरहून, नाशिकहून कोण कुठली माणसं येतात, त्यांच्या बापाला, आज्याला, चुलत्याला मी रोज पाणी देतो. माझा सख्खा भाऊ बारा वर्षं तहानलेला आहे. तुम्ही त्याला जिवंत ठेवलंय म्हणून मला ओंजळभर पाणी सोडता येत नाही."

"आणि ते कुठे तरी जेवत-खात असतील तर?"

"कुठे?"

"माहीत नाही."

"तुम्हाला कधीच काही माहीत नसतं. वर कोण आहे, माहीत नाही. दादा कुठे आहे, माहीत नाही. माहीत नाही ह्याच्यावर माणूस जगतो का?"

"मी जगतेय ना," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं आता हे खाली निघून जातील. पण यांचं डोकं तापलं होतं. "आणि आलाच परत, तर त्याचीही सोय आहे," असं म्हणून त्यांनी तावातावानं सांगायला सुरुवात केली. क्रिया झालेला माणूस जिवंत परत आला, तर त्याला तुपात बुडवून बाहेर काढायचं, की झाला नवा जन्म. मग त्याचं जातकर्म करायचं, बारसं करायचं, मुंज लावायची, आणि त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. पोथीत लिहिलं आहे, हवं तर आणून दाखवतो.

वहिनींच्या हातातलं सूप थांबलं. "तुपात? ह्यांना?" आणि त्या हसायला लागल्या. हसणारच. मोठे भाऊजी म्हणजे वरणावर तुपाचा थेंब पडला तरी ताट सरकवणारे गृहस्थ. मलाही हसू फुटलं. पाळण्यात घातलेले मोठे भाऊजी माझ्या डोळ्यांपुढे आले. यांनाही क्षणभर ओठ आवळून धरावे लागले.

"एवढं सगळं कोणी लिहून ठेवलं, भाऊजी?"

"शास्त्रकारांनी. उगाच लिहितील का? कधी तरी कोणी तरी परत आलं असेल, म्हणूनच लिहिलं ना."

बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. वहिनींचं हसू थांबलं होतं. "म्हणजे आलेत," त्या म्हणाल्या. बाहेर पुराचं पाणी घाटावर आपटल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग वहिनींनी सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "करा," म्हणाल्या. "मला वाटत होतं, तुम्ही दाराला आतून कडी घालायला सांगताय. हे तर नुसतं लोटून घ्यायचं आहे. पोरीचं लग्न आहे. करा तुम्ही."

पितृपक्षापर्यंत पाणी उतरलं. पायऱ्यांवर गाळाचा थर बसलेला, माणसं पंप लावून तो धूत होती. संकठा घाटाच्या पुढे मणिकर्णिकेपाशी एका कडेला यांनी जागा घेतली. दुसऱ्या गुरुजींना सांगायला मी सुचवलं होतं, तर म्हणाले, दादाचं मी करणार. देठ मांडून आकृती स्वतः केली. कुठल्या अवयवाला किती देठ, ते सगळं ठरलेलं असतं. डोक्याच्या जागी नारळ. वरून जवाच्या पिठाचा लेप. मी पायरीवर बसून बघत होते. आकृती झाल्यावर हे उठून जरा लांब झाले, बघितलं, परत आले आणि खांद्यापाशी हात फिरवून ती थोडी रुंद केली. मोठे भाऊजी खांद्यानं रुंद होते.

मग मंत्राची वेळ आली. गोत्र, नाव, आणि नावापुढे प्रेत हा शब्द. हे शब्द यांनी आयुष्यात किती वेळा उच्चारले असतील, झोपेतसुद्धा म्हणतील. गोत्र म्हटलं. "रत्नाकर" म्हटलं. आणि थांबले. पुन्हा गोत्रापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबले. शेजारच्या चितेपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. बारा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस अडून बसला होता, ती समोर आली आणि त्याला ती करता येईना.

वहिनी माझ्या शेजारून उठल्या. गाळावरून पाय सांभाळत खाली उतरल्या, यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "म्हणा, भाऊजी."

यांनी मानेनंच नाही म्हटलं.

तेव्हा त्यांनी स्वतः म्हटलं. वर्गात धडा सांगावा तशा स्वच्छ आवाजात, एकेक शब्द तोडून. गोत्र, नाव, आणि तो शब्दही. "आता माझ्यामागून म्हणा. आणि मोठ्यानं म्हणा. ते असतील तिथे ऐकू जाऊ दे."

हे त्यांच्या मागून म्हणाले. मग अग्नी दिला. देठ वाळलेले होते, हां हां म्हणता संपलं.

घरी येऊन अंघोळी झाल्यावर वहिनी स्वयंपाकघरात आल्या. गळ्यातलं मंगळसूत्र काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "तुझ्याकडे राहू दे. लागेल तेव्हा मागेन." मी ते देवघरातल्या फडताळात ठेवलं आणि पोळ्या लाटायला बसले.

पुढे जे झालं ते मला अजूनही नीट उमजलेलं नाही. वहिनी शांत झाल्या. दाराला कडी लावायला लागल्या. माकडं दोन दिवस येऊन दार हलवून गेली. नवरात्रातल्या नवमीच्या सुमारास त्या एकट्या गाडीत बसून पुण्याला गेल्या, स्वरदाच्या साड्या घ्यायला. तिथून फोन केला तर साड्यांबद्दल एक अक्षर नाही. नारायणगावाच्या बाजूला आकाशातले रेडिओ आवाज टिपणाऱ्या तबकड्या आहेत, त्या लांबून बघून आल्या होत्या. "शेतात उभ्या आहेत ग, बाजूला ऊस आहे," एवढंच चार वेळा सांगितलं.

आणि इकडे माझ्या नवऱ्याचं चित्त उडालं. कडी वाजली की जिन्यापर्यंत जाणार. जेवताना घास हातात तसाच. कार्तिक लागला, आकाशदीप चढले, ह्या वेळी भाऊजींच्या नावाची टोकरी पहिल्यांदा वर गेली. यांनीच दोरी ओढली. ओढून झाल्यावर बांबूखाली मान वर करून उभे राहिले ते सगळी माणसं गेली तरी तिथेच. शनिवारी मुली छतावर आल्या की हे वर जातात, मागे कोपऱ्यात उभे राहतात. एकदा मी कपडे काढायला वर गेले तेव्हा वहिनींना दबक्या आवाजात विचारत होते, "त्या तबकडीवाल्यांना काही ऐकू आलं का हो?" मला पाहिल्यावर घसा खाकरला आणि तुळशीला पाणी घालायला लागले. वहिनींनी थट्टा केली नाही. "अजून नाही, भाऊजी," म्हणाल्या.

काल पत्रिका आल्या. भाऊजींच्या नावाआधी कै. आहे. यांनी एक उचलली, वाचली, पालथी ठेवली.

आज सकाळी मी रुखवताचे लाडू करायला घेतले. बेसन भाजायला तूप कमी पडेलसं वाटलं म्हणून देवघरामागच्या फळीवर हात घातला, तर मागे एक भला मोठा पितळी डबा, तोंडाला पांढरं कापड बांधलेला. असला डबा आमच्याकडे नव्हता. कापड सोडलं, आत तूप, काठोकाठ. मला बरंच वाटलं. पळी घालणार, तेवढ्यात हे अंघोळ करून ओलेच आले आणि माझं मनगट धरलं.

"त्याला हात लावू नकोस."

"का? लाडवांना हवंय."

अंगावरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, मग डब्याकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडला तसा संतापही आला. ज्यानं नाव घेऊन अग्नी दिला, श्राद्ध उरकलं, टोकरी चढवली, त्यानं हे करावं?

"एवढ्याशा तुपात माणूस बुडतो का?" मी म्हटलं.

"माहीत आहे," हे म्हणाले. "अजून जमवतोय."

मी डब्याच्या तोंडाला कापड पुन्हा बांधलं, गाठ घट्ट मारली आणि तो होता तिथे ठेवला. लाडवांना गलीच्या टोकावरच्या दुकानातून दुसरं तूप मागवून घेतलं.